मुलुंडहून आलेला एसी

प्रिय सम्यक,

फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि लांब मेसेज केला की अंगठा पाठवून मोकळा होतोस. म्हणून कागदावर लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

जयंतीच्या आदल्या दिवशी दोन माणसं तो खोका डोक्यावर घेऊन गल्लीत शिरली, तेव्हा मी घरीच होते. आई निळी साडी इस्त्री करत होती. खोक्यावर तुझं नाव वाचलं आणि इस्त्री तशीच ठेवून ती चार घरं फिरून आली, माझ्या सम्यकने एसी पाठवला म्हणून. मला त्याच क्षणी राग आला होता. मुलुंड आणि घाटकोपर यांच्यात काही समुद्र नाही. जयंतीला लोकांची मुलं घरी येतात, आपल्याकडे खोका आला. पण आई इतकी खूश होती की मी तुला लावायला घेतलेला फोन ठेवला आणि खोका आत घेतला.

बसवायला आलेला मेकॅनिक, मिथुन, बिचारा नीट काम करणारा होता. त्याने मागची भिंत बघितली, ती दुसऱ्याच्या घराची. वरचा पत्रा बघितला, त्याला वजन झेपणार नाही. मग म्हणाला, बाहेरचा डबा दाराच्या बाजूलाच लागेल आणि गरम हवा थेट समोरच्या खिडकीत जाईल. ऑर्डर तुझ्या नावावर, म्हणून त्याने तुला विचारलं. फोन स्पीकरवर होता. समोरच्या खिडकीत, हे शब्द त्याने दोनदा उच्चारले. आणि तू म्हणालास, "कुठेही लाव भाई, पण आजच लाव. मला परत फोन करू नकोस."

आई त्याला थांबवत होती, समोर जानकीला विचारून येते म्हणत होती. तोवर जानकी मावशीच दारात आल्या. हसून म्हणाल्या, "झिलान आवशीक धाडल्यान हा, लावा. माझी खिडकी काय जळतली?" पोराने आईला पाठवलंय, त्यांना तेवढंच पुरलं.

त्या खिडकीला लागून कोणाची कॉट आहे, हे मी तुला सांगायला हवं का? दशरथ काकांना गिरणीतल्या कापसाने दम लागला तो आयुष्यभराचा. खिडकीतून येईल तेवढाच त्यांचा वारा. आई हॉस्पिटलात आयाच्या ड्युटीवर असायची तेव्हा तू त्याच घरात जेवलास, तिथेच झोपलास. तुझ्या सीईटीच्या मे महिन्यात काका रोज दुपारी कॉट तुला देऊन स्वतः गल्लीत, गटाराच्या कडेला स्टुलावर बसायचे, का, तर पोराला पंख्याखाली अभ्यास करू दे. एकदा मी पाणी द्यायला गेले तर मला म्हणाले, तेच्याशी बोलू नको, तो गणितात आसा.

सुरुवातीचे काही दिवस आई खरंच गाढ झोपली. मग तिच्या लक्षात आलं की समोरची खिडकी बंद असते. मे महिन्यात, पत्र्याखाली, दम्याच्या माणसाच्या खोलीत. ती उसळीची वाटी घेऊन गेली तर काकांची पाठ घामोळ्यांनी लाल झालेली. घरी येऊन तिने एसी बंद केला. त्यानंतर तो फक्त तुझ्या व्हिडिओ कॉलपुरता लागायचा. तुझा कॉल येणार असला की आई आधी एसी लावायची, अंगावर शाल घ्यायची आणि मग फोन उचलायची. तू हसून विचारायचास, काय आई, हिल स्टेशन ना? ती हो म्हणायची.

हे इथेच थांबलं असतं. पण नळावर मंडळाचा भाऊ बोलला. तोच भाऊ, जो दर गणपतीत वर्गणी मागायला येतो. सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या लोकांना आता उकाडा सोसत नाही वाटतं. तुमच्या लोकांना. आईने हे शब्द बाहेर खूप ऐकलेत, आपल्या गल्लीत कधी नाही. हंडा अर्धवट ठेवून ती घरी आली, एसी लावला आणि दोन दिवस बंद केला नाही. मी मरोळच्या कामावरून यायचे तर गल्लीत भट्टीसारखी झळ लागायची. मी आईला म्हटलं, राग भाऊचा आणि शिक्षा काकांना? ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका कॉटवरून उठताना कोसळले. रिक्षात त्यांचं डोकं मावशींच्या मांडीवर होतं आणि पाय आईच्या. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने झालं, अजून उशीर केला असता तर हातात काही उरलं नसतं. काका वाचले. पण बरे झाल्यावर मावशी त्यांना घेऊन कणकवलीला निघून गेल्या. भांडण नाही, एक वाकडा शब्द नाही. फक्त आजवर गावी जाताना घराची चावी आईकडे असायची, ती या वेळी त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली. आई हात पुढे करून उभी होती, सम्यक. मी बघितलं.

काका आजारी पडले, दोघं गावी गेले आणि एसी बंद आहे, एवढंच आईने तुला सांगितलं. आणि काल तुझा मेसेज आला. 'आता समोर कोणी नाही तर एसी लावायला काय हरकत आहे? मावशींनाही काहीतरी पाठवतो, काय पाठवू ते सांग.' त्याचं हे उत्तर. एसी मी काढून परत खोक्यात भरून घेतलाय. तो खोका आईच्या कॉटवर आहे आणि आई खाली झोपतेय. तो न्यायला माणूस पाठवलास तर मी दार उघडणार नाही, स्वतः ये. मावशींना काहीही पाठवू नकोस. सुट्टी काढ, आईला घेऊन कणकवलीला जा आणि काकांच्या समोर बस. आईचा फोन मावशी उचलत नाहीत. परवा माझा उचलला. काका बरे आहेत म्हणाल्या, आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "सम्यकाक काय सांगू नको हां, तेका वायट वाटतला." त्यांनी नको म्हटलं तरी मी सगळं सांगितलं. तुला वाईट वाटावं, म्हणूनच हे पत्र लिहिलंय.

तुझीच ताई,
संघमित्रा