दोन्ही बाजूनं होम

३ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर म्हणे मी तिकडचाच झालो. तिकडचा म्हणजे कुठला? डोंबिवलीत एका खोलीत चौघं झोपतो आम्ही, माझी गादी मोरीच्या दाराला लागून. ह्याला तिकडचा होणं म्हणत असतील तर साईनं येऊन बघावं. धाकटा भाऊ, पण बोलणं थोरल्यासारखं. गेल्या गणपतीत फोनवर बोलला हे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. तोपण बोलत नाही, पण सुरुवात माझी आहे.

आज कळलं. आमची पंचमुखी तालीम कोल्हापूरहून ठाण्याला येतेय. फुटबॉलच्या स्टेट कपची मॅच, रविवार सोळा तारीख, वर्तकनगर रोव्हर्सबरोबर. साई गोलकीपर. घरच्यांनी सांगितलं नाही, मयूरनं सांगितलं. मयूर टेंभी नाक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात माझ्याबरोबर मशीनवर असतो. वर्तकनगरचा पोरगा, रोव्हर्सचा कट्टर.

ठरवलं. मॅचला जायचं. साईनं मान वर केली की दादा उभा दिसला पाहिजे. बास, एवढंच.

४ फेब्रुवारी

मयूर सकाळपासून चालू. म्हणे कोल्हापूरला फुटबॉल? तुम्ही लोक बॉललापण चितपट करत असाल. मी म्हटलं, आमच्याकडं मॅच असली की पेठेतली लग्नं पुढं ढकलतात. तुमच्याकडं मॅच असली तर तुझ्या आईलापण माहीत नसतं. तो म्हणाला, माझी आई गोलपोस्टमागे बसते, तुमच्या गोलकीपरला रडवते. मी म्हटलं, तो गोलकीपर माझा भाऊ आहे. मयूर म्हणाला, मग तुला आत्ताच सॉरी.

ह्या नादात शाई बघायची राहिली. एका नगरसेवकाचं तोंड हिरवं छापलं. मालक सुधीरशेठ लई ओरडले. चूक मयूरची.

मयूरनं विचारलं, तुमचे किती जण येणार. मी म्हटलं पन्नास. तोंडातनं गेलं. आता आणणं आलं.

५ फेब्रुवारी, दुपारी

ठाण्या-कल्याणात आपली माणसं लई. फोन लावले. कल्याणचा धोंडिबा टेंपोवाला म्हणाला, नक्की रं भावा, ढोल घेऊनच येतो. ढोलाबरोबर दहा जण धरायलाच पाहिजेत. म्हणजे अकरा झाले. राहिले एकोणचाळीस. एका दिवसाचं काम.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिकीट काढलं. ऑनलाइन फॉर्म, सगळा इंग्लिश. मयूरला विचारणार नव्हतो, आठवीपर्यंत शिकलोय मी. एका जागी विचारलं होतं, होम का अवे. अवे म्हणजे लांबनं बसनं येणारे. मी तर इथंच राहतो, आधारवर पत्तापण डोंबिवलीचा केलाय. आणि घर म्हणाल तर ते कोल्हापूर, तालीम आपलीच. म्हणजे कुठूनपण बघा, दोन्ही बाजूनं होमच. होम दाबलं. दोन मिनिटांत झालं. लोक उगाच घाबरतात इंग्लिशला.

१० फेब्रुवारी

स्टँडसाठी फ्लेक्स केला. वीस बाय सहा. वाढदिवसाचा एक फ्लेक्स रद्द झाला होता, त्याच्या पाठीवर हातानं रंगवला. ‘पंचमुखिचा नाद करायचा नाय’. मयूर म्हणाला, खी दीर्घ पाहिजे. मी म्हटलं, लांबून कोण ऱ्हस्व-दीर्घ बघत नाही. तो म्हणाला, लांबून मागचा वाढदिवसवाला दिसतोय, उन्हात. खरं होतं. त्याचे गॉगल दिसत होते. पण चालतंय.

मयूरची पैज : हरलात तर रोव्हर्सची निळी जर्सी घालून एक दिवस कामावर यायचं. मी म्हटलं, जीव गेला तरी अंगाला निळा लागणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धोंडिबाला भिवंडीचं भाडं लागलं. म्हणतो, ढोल पाठवू का. वाजवणारा नसताना ढोल घेऊन काय करू? बाकीच्यांपैकी एकाचं लग्न, एकाची नाईट, तिघं फोन उचलत नाहीत.

संख्या महत्त्वाची नसते. आवाज महत्त्वाचा. संध्याकाळी गच्चीवर जाऊन आवाज काढून बघितला. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, म्हणाले कुणाला लागलं का. म्हणजे पोचतोय.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

बसवत नाही, उभं राहवत नाही. पिवळी जर्सी दोनदा धुतली. स्टेशनपर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. साईला फोन लावला, एक रिंग वाजू दिली, कापला. सरप्राइज फुटायला नको. त्यानं उलटा फोन केला नाही. मॅचआधी फोकस ठेवतोय. माझ्याकडनं घेतलेली सवय आहे. मीपण पंचमुखीकडनं खेळलेलो, तीनच मिनिटं, पण फोकस पूर्ण.

१६ फेब्रुवारी, रविवार

थोडक्यात लिहितो.

गेटवर माणूस म्हणाला, भाऊ, होमच्या तिकिटावर पिवळं आत नाही. गेल्या वर्षी मारामारी झालेली. मी म्हटलं, पण मी होमच आहे. तो म्हणाला, होम म्हणजे रोव्हर्सवाले. पाहुण्या टीमचे ते अवे. मी म्हटलं, मी पाहुणा नाही, डोंबिवलीत राहतो. तो म्हणाला, मग निळं घाला. अवेचं तिकीट मागितलं तर म्हणे ऑनलाइनच मिळतं, आणि ऑनलाइन काल बंद झालं. फ्लेक्स काढून घेतला. उलटा ठेवला, गॉगल वर.

मयूर हसून हसून खाली बसला. मग बॅगेतनं त्याची जास्तीची निळी जर्सी काढली, टोपी काढली, म्हणाला, घाल गपचूप, भावाला बघायचंय ना. घातली. पिवळीच्या वरनं घातली. आत पिवळीच होती, हे लिहून ठेवतो.

जागा गोलपोस्टच्या बरोबर मागं. मयूरच्या आईच्या शेजारी. समोर लांब पलीकडं अवे स्टँड. मूठभर पिवळे.

सेकंड हाफला साई आमच्या बाजूला आला. दहा पावलांवर. खांदे रुंद झालेत. काकू त्याला काय काय बोलत होत्या, मी हात मांडीखाली दाबून बसलो. एकदा कोपऱ्यातला बॉल त्यानं असा काढला की मी उभाच राहिलो. मयूरनं खाली ओढलं, शेजारच्यांना म्हणाला, ह्याच्या पायात गोळा आलाय. मग पंचमुखीनं गोल मारला. आख्खा स्टँड गप्प. मीपण गप्प. आयुष्यात पहिल्यांदा पंचमुखीच्या गोलला गप्प बसलो.

शेवटी शेवटी बॉल स्टँडमध्ये आला. सरळ माझ्या हातात. साई पळत जाळीपाशी आला, हात पुढं केले. ग्लोव्हज अंगठ्यापाशी फाटलेले, वर इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळलेली. मी बॉल धरून उभा. तो म्हणाला, ओ भाऊ, द्या की लवकर.

दिला.

ऊन त्याच्या डोळ्यावर होतं. टोपीपण होती माझी. एक-शून्यनं जिंकलो आपण. मयूर म्हणाला, चल मागच्या गेटला, भेटवतो तुला. मी म्हटलं नको, त्यांची बस असते लगेच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मयूरला चिडवायचं ठरवलं होतं. आठवलं नाही.

दुपारी आईचा फोन. बस पहाटे पोचली. म्हणाली, साई सांगत होता दादा आला नव्हता. मी म्हटलं, असं कसं सांगितलं त्यानं. आई म्हणाली, मॅच सुरू व्हायच्या आधी त्यानं पिवळ्या स्टँडमधली माणसं दोनदा मोजली. अकरा होती. त्यात तू नव्हतास.

मी म्हटलं, काम होतं गं. अर्जंट ऑर्डर आली रविवारी.

आई म्हणाली, तेच सांगितलं मी त्याला. कामाचा माणूस आहे म्हटलं.

म्हणजे तसं काही बिघडलेलं नाही.

साईच्या नंबरवर पैसे पाठवतोय. ग्लोव्हज घे, असं खाली लिहायला गेलो. पण फाटलेत हे तुला कसं कळलं, असं विचारेल. म्हणून खोडलं. नुसतेच पाठवतोय. अठराशे रुपये.