न धुतलेला शर्ट

॥ श्री मन्मथ प्रसन्न ॥

उमापूर, ता. गेवराई
दि. २६ मे २०२४, रविवार
दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे

आदरणीय दाजी यांना
बसवेशचा शरणार्थ.

दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आहे आणि साखरेच्या पोत्यावर पाट ठेवून लिहीत आहे. आत्तापर्यंत साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधत होतो. या वेळेला उन्हामुळे गिऱ्हाईक येत नाही. आरोही आत झोपली आहे. झोपली नसावी, डोळे मिटून पडली आहे.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण चालते. अप्पा सकाळीच शेतात गेले. तुमची तब्येत चांगली असेल.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. मी फोन केले होते, तुम्ही कामात असाल. आणि फोन उचलला असता तरी माझं तुम्हाला माहीत आहे. 'हां, हां' म्हणतो आणि ठेवून देतो. अक्का यावरून मला हसायची. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र दुसऱ्यांदा लिहीत आहे, पहिल्यात खाडाखोड फार झाली.

आधी बटरविषयी लिहितो, कारण सुरुवात त्याच्यापासूनच झाली.

अक्का दिवाळीआधी गेली, त्यानंतर संक्रांतीच्या आसपास तुम्ही आरोहीचं मन रमावं म्हणून हा हॅमस्टर आणला. चांगलं केलंत. सुट्टी लागली तेव्हा तिला, तिच्या बॅगेला आणि त्याच्या पिंजऱ्याला इथे सोडून तुम्ही त्याच दिवशी परत गेलात. जाताना तुम्ही म्हणालात, "शांत आहे तो, काही त्रास नाही." तो शांत नाही, दाजी. पहिल्याच दिवशी मी वाटी ठेवायला हात घातला तर माझ्या बोटाला लोंबकळत बाहेर आला. नंतर आईला चावला. मग आरोहीलाही चावला. ती रडली नाही. बोट तोंडात धरून बसली, आणि थोड्या वेळाने बाहेर काढून पाहिलं, बस.

आईला त्याचं नावच पटत नाही. "बटर म्हंजी चहात बुडवायचं. ह्याला कशात बुडवू?" म्हणते. दुकानात येणाऱ्यांना तर करमणूकच झाली आहे. सटवा मामा काल म्हणाले, "माळ्यावरच्या उंदराला तू पिंजरा लावतो, अन् ह्याला पिंजऱ्यात करडई घालतो. त्या माळ्यावरच्यानं काय पाप केलं बे?"

बोट सुजलं म्हणून सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. तिथल्या माणसाने विचारलं, "काय चावलं?" मी म्हणालो, हॅमस्टर. "म्हंजी?" उंदरासारखा असतो, परदेशी, असं सांगितलं. तो म्हणाला, "उंदीर लिहितो. रकान्यात परदेश बसत न्हाई." हे मी आरोहीला घरी येऊन सांगितलं. ती हसली, पण जरा उशिरा हसली. हसायचं आहे हे तिला आठवावं लागतं.

ऊन इथे फार आहे. त्याला सोसत नाही म्हणून फुटक्या माठाचं खापर ओलं करून पिंजऱ्यात ठेवतो. त्यावर पोट टेकून पडतो. खाणं व्यवस्थित आहे. करडई सोलून खातो, ज्वारी गालात भरून ठेवतो. ओंजळभर दाणे तोंडात घेऊन कोपऱ्यात नेतो आणि पुरतो, जसं काही उद्या कुणी देणारच नाही.

चावणं कसं बंद करायचं म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक मुलगा हिंदीत चांगलं समजावतो. तो म्हणतो, हात पिंजऱ्यात ठेवायचा आणि हलवायचा नाही. चावला तरी ओढायचा नाही आणि ओरडायचं नाही. हात ओढला की त्याला कळतं, चावलं की माणूस निघून जातो. मग तो प्रत्येक वेळी चावतो.

आरोही माझ्या खांद्यावरून पाहत होती. म्हणाली, "मी तर चावले नव्हते."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला.

त्याच मुलाने सांगितलं होतं की ज्या माणसाची त्याला सवय आहे त्याचा अंगावर घातलेला, न धुतलेला कपडा पिंजऱ्यात ठेवावा. वास ओळखला की तो निवतो. आरोही म्हणाली, बटर पप्पांच्या खिशात बसायचा, चौकडीच्या निळ्या शर्टाच्या, पप्पांना कधीच चावला नाही. म्हणून मी तुम्हाला मेसेज केला होता की तो शर्ट न धुता पाठवा. गावातल्या सिदूची पिकअप कांदा घेऊन पुण्याला जाणार होती, त्याला तुमचा पत्ता लिहून दिला. तुम्ही 'ठीक आहे' असं उत्तर दिलंत. शर्ट पाठवलात, त्याबद्दल आभार.

आता पुढचं. पहिल्या कागदावर हे मी गाळलं होतं.

सिदू पार्सल घेऊन आला तेव्हा आई दुकानाच्या पायरीवर तूर पाखडत होती. आरोही आत पिंजऱ्यापाशी होती. सिदू लांबूनच बोलत आला, "घे तुझं पार्सल. तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातेत बे तुझे दाजी, गुडघे गेले माझे. पर वयनी चांगल्या हायत. सरबत दिलं, बसा म्हनल्या."

आईचं सूप थांबलं.

सिदूला तेव्हा कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "म्हंजी... शेजारच्या असतील."

आई म्हणाली, "असतील. उन्हातून आलास, पानी पी." आणि पुन्हा पाखडायला लागली. पुढचा सगळा वेळ ती तेच सूपभर दाणे पाखडत होती, दुसरे घेतलेच नाहीत.

शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता, इस्त्री केलेला. पिशवी उघडली तर फुलांचा वास आला. आरोहीने तो नाकाला लावला. बराच वेळ तसाच धरला. मग विचारलं, "मामा, पप्पांचे कपडे आता कोण धुतं?"

मी म्हणालो, मशीन असेल.

"पप्पांना मशीन लावता येत नाही. मम्मी दवाखान्यात होती तेव्हा मीच बटण दाबून द्यायचे."

मी म्हणालो, लाँड्रीत दिला असेल. तिने मान हलवली. लहान मुलं मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी. नऊ वर्षांची आहे.

तरी शर्ट पिंजऱ्यात ठेवला. बटरने एकदा हुंगला आणि पायांनी ढकलून कोपऱ्यात लावला. मी हात घातला तर असा चावला की दात हाडाला लागले. व्हिडिओत सांगितलं तसा हात ओढला नाही. बोट अजून बधिर आहे, दाबलं तरी कळत नाही. बाकीचंही मला तसंच झालं आहे. तुमचा राग येतो का हे मी स्वतःला दोन-तीनदा दाबून पाहिलं. काही कळलं नाही.

मी न धुतलेला म्हणून लिहिलं होतं. तुम्ही विसरला नसाल. कुणी तरी खुंटीवर मळका दिसला म्हणून चांगल्या मनाने धुतला असेल, इस्त्रीही केली. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. तुम्ही पुन्हा लग्न करू नये असंही इथे कुणी म्हणालं नसतं. आई तर दिवाळीनंतर स्वतःच म्हणत होती, माणूस एकटा कसा राहील. फक्त आम्हाला ते सिदूकडून कळायला नको होतं, आणि आरोहीला शर्टाकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो. आरोही पिंजऱ्यातून शर्ट काढून घेऊन आली. गवताच्या काड्या झटकल्या, जमिनीवर पसरून घडी घातली. अक्का घालायची तशी, बाह्या मागे घेऊन. म्हणाली, "ऑफिसला लागेल पप्पांना. पाठवून दे."

मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. "तुझा दे."

मी म्हणालो, अगं त्याला मिरचीचा वास येतो, गुळाचा येतो, घाम आहे, तो शिंकेल.

"शिंकू दी. त्याला हितंच ऱ्हायचंय."

असं बोलायला तिला आम्ही कुणी शिकवलेलं नाही, दाजी. इथे आली तेव्हा 'राहायचंय' म्हणायची. आई आतून ऐकत होती. ती चुलीकडे गेली.

बटरने त्या टॉवेलचे दोरे ओढून घरटं केलं. आता हात घातला की आधी येऊन हुंगतो. आरोही तळहातावर करडई ठेवते आणि तासन् तास हलत नाही, तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. परवा त्याने तिच्या अंगठ्याला दात लावले पण दाबले नाहीत. सोडून दिलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामा, त्यानं इचार केला." तेव्हा मात्र ती लगेच हसली, आठवावं लागलं नाही.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण असं. अप्पा समाजातल्या दोघांना घेऊन तुमच्याकडे यायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. म्हणालो, आधी मी लिहितो. चारचौघांत बसून तुम्हाला विचारावं असं मला वाटलं नाही, आणि त्यात आरोहीचं नाव निघालेलं तर नकोच.

शाळा पंधरा जूनला उघडते. तिला न्यायचं असेल तर त्याआधी तुम्ही स्वतः या. सिदूबरोबर पाठवायला ती पार्सल नाही. याल तर मी अडवणार नाही, पिंजरा मीच उचलून गाडीत ठेवीन. पण तिच्यासमोर बसा आणि जे सांगायचं ते तुमच्या तोंडाने सांगा. ती चावणार नाही. यायचं नसेल तर तिचा शाळेचा दाखला पाठवा. इथल्या गुरुजींना मी विचारून आलो आहे. चौथीत घेतो म्हणाले, फक्त टी.सी. हवी.

मला वाटतं तुम्ही येणार नाही. हे वाक्य पहिल्या कागदावर मी खोडलं होतं. या कागदावर राहू देतो.

शर्ट सिदूबरोबर परत पाठवत आहे. इथे धुतलेला नाही. घडी आरोहीची आहे. तिच्या हाताला सध्या करडईच्या दाण्यांचा वास असतो, तो लागला असेल. पत्र खिशात ठेवून वरून बटण लावलं आहे, बटर बसायचा त्याच खिशात. धुवायला टाकण्याआधी खिसा बघा असं सिदूला तोंडी सांगायला लावलं आहे.

मागच्या महिन्यात तुम्ही पाच हजार पाठवले होते, त्याचा हिशोब राहिला होता. आरोहीची चप्पल एकशे ऐंशी. पिंजऱ्याची पाण्याची बाटली गळत होती, नवी एकशे वीस. सिदूला जाण्या-येण्याचे शंभर, तो घेत नव्हता. एकूण चारशे. करडई आणि ज्वारी दुकानातली, ती धरली नाही. तिचं जेवण धरण्याचा प्रश्न नाही. उरलेले चार हजार सहाशे आज सकाळी तुमच्या नंबरवर परत पाठवले आहेत, पोहोचल्याचं पाहून घ्यावं. तुमचं आमच्याकडे आता काही निघत नाही.

आमचं तुमच्याकडे निघतं : शाळेचा दाखला, एक.

आरोहीचा मामा,
बसवेश