लोक पुन्हा पान खाऊ लागले

अहो,

हयातीत तुमचं नाव कधी घेतलं नाही, आता कागदावर तरी कशाला घेऊ! आज लिहायला बसले, कारण सकाळी वाशीमचा पानवाला आपल्या दारात उभा होता. "वैनी, असतीन तेवढ्या करंड्या द्या," म्हणाला. तेव्हा वाटलं, ही गोष्ट सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायला हवी.

मंदीत आपलं काय झालं ते तुम्हीच पाहिलंत. कापसाचा भाव बसला, वाशीमचा जिनिंगचा कारखाना बंद पडला, मजूर घरी बसले. भाकरीचीच ओढाताण, तिथं पान कोण खाणार? मंगरूळच्या बाजारातून आपल्या मळ्यातल्या पानांच्या करंड्या भरलेल्या परत यायच्या आणि पिवळी पानं तुम्ही खतात टाकायचात. तेव्हा तुमच्याकडे बघवत नसे.

आठवतं, पोस्टमास्तरांकडचा शिळा पेपर मी बांधावर बसून तुम्हाला वाचून दाखवायची? त्यात एकदा आलं होतं की, देशाची नवी मोठी बँक इतर बँकांना ज्या व्याजानं पैसा देते, ते व्याज तिनं कमी केलं. म्हणजे त्या बँका व्यापाऱ्यांना स्वस्तात पैसा देतील आणि बंद पडलेले धंदे पुन्हा उभे राहतील. तुम्ही वेल बांधता बांधता थांबलात.

"त्या बँकेनं व्याज कमी केलं, तं लोक पान खातीन काय?"

मी उगाच ठसक्यात म्हटलं, "खातीन बी!" किती हसलात तुम्ही! त्या वर्षातलं तुमचं तेवढंच हसू मला आठवतं.

पुढं कितीतरी महिने काहीच हललं नाही. व्याज उतरलं, पण जिनिंगवाले शेठ जागचे उठेनात. पैसा स्वस्त मिळाला तरी माल उठेल याची खात्री कोण देणार? दर बाजाराला तुम्ही मला चिडवायचात, "काय म्हणते तुयी बँक?" खरं सांगू, मलाही ते पेपरातलं सगळं थोतांड वाटायला लागलं होतं.

मग उतरणीचा हंगाम आला. जुने वेल सोडवून मातीत पुरायचे, म्हणजे ते नव्यानं फुटतात. कामाला माणसं फार लागतात. तुम्ही तेव्हा अंथरूण धरलेलं; खाटेवरूनच सांगितलंत, "औंदा उतरण नोका करू. वेल उपटा अन् तूर पेरा. सदूले नागपूरच्या गिरणीत जाऊ द्या." आणि पंधरवडाही झाला नाही तोच गेलात. इतकी कसली घाई होती हो?

तुमचं दिवसकार्य झाल्यावर आपला सदू कुदळ घेऊन निघाला. पानमळा देवासारखा, तिथं पायांत घालून कोणी जात नाही, पण तो वहाणांसकट आत शिरायला लागला. मी आडवी झाले.

"वहाणा काढ."

"माय, उपटाचंच हाय आता. वहाणा कायले काढू?"

"उपटाचं असन तरी काढ."

त्यानं काढल्या. अनवाणी आत गेला, वेलापाशी उभा राहिला, आणि त्याचा हात काही उठेना. तिथंच बसून ढसाढसा रडला तुमचा एवढा मोठा लेक! मग डोळे पुसून म्हणाला, "काय करू मंग?" मी म्हटलं, "उतरण कर." माझी बहीण आली, तिच्या जावा आल्या, आणि आम्ही जमेल तशी केली. पुढं पान विकलं जाईल की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

नवे वेल आधाराच्या शेवरीवर चढत होते, तेव्हा जिनिंगचा भोंगा झाला. शेठनी अकोल्याच्या बँकेतून कमी व्याजानं पैसा उचलला होता. कापसाचा भावही जरा वर सरकला होता, सगळं श्रेय काही मी बँकेला देत नाही. पण भावाच्या भरवशावर कारखाना उघडायला पैसा लागतो, आणि तो त्यांना झेपेल अशा व्याजानं मिळाला. मजुरांच्या हातात मजुरीचा हप्ता पडला. आधी मीठ-मिरची आली, मग लुगडी-धोतरं, आणि सगळ्यांत शेवटी, जेवण झाल्यावर, पान! तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढा वळसा घालून आलं, आणि त्याआधीच तुम्ही निघून गेलात. याचा मला राग येतो. अजूनही येतो.

पण आज राग कमी आहे. आज चूल पेटवताना उद्याची धास्ती नव्हती. सदूनं नागपूरचं नाव टाकलंय. नवं पान असं कोवळं आलंय की बघत राहावं!

पुन्हा कधी वाईट दिवस आले, तर उपटायची घाई मी करणार नाही आणि सदूलाही करू देणार नाही, हा माझा शब्द. जन्मभर तुम्ही म्हणाल तसं केलं. शेवटचं तेवढं ऐकलं नाही, म्हणून आज मळा उभा आहे. रागावू नका. तुम्हालाही तेच हवं होतं, मला ठाऊक आहे.

तुमचीच,
सदूची माय