गोलमागचं हसू

शनि., १४ जून

मुलींची हॉकीची मॅच जिंकलो, २-१. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी कॉर्नर, आणि आपल्या गोलकीपर रुवाने डावा पाय फेकून बॉल अडवला. काय अडवला! माझी लेक यशू धावत जाऊन तिच्या गळ्यातच पडली. मी नेहमीप्रमाणे गोलच्या जाळीमागे, मोबाइल धरून. टीमचा बिनपगारी कॅमेरामन. शेजारी अभयदादा, त्याची मुलगी इरा पण टीममध्ये. गाडीत बसल्याबसल्या क्लिप टीमच्या फोल्डरमध्ये टाकली.

दादा मध्येच काहीतरी बोलला, मी हसलो. तेव्हापासून पोटात कसंतरी होतंय. दुपारी खाल्लेला मीट पाय बाधला असेल.

रवि., १५ जून

मीट पाय नव्हे.

टीम मॅनेजर ट्रेसीचा मेसेज. २८ तारखेला क्लबहाउसमध्ये आफ्रिकन वारसा दिवस. क्लबात आफ्रिकेतून आलेली पाच-सहा घरं आहेत, त्यांचं जेवण, त्यांचे ढोल. रुवाची आजी (सगळे तिला गोगो म्हणतात, तीन महिन्यांसाठी आलीय) झिंबाब्वेतल्या तिच्या वेळच्या हॉकीबद्दल बोलणार. मग मोठ्या स्क्रीनवर मुलींच्या क्लिप्स. 'अमोल, तुझी सगळ्यात शेवटी. हीप्स गुड.' म्हणजे फारच भारी.

गॅरेजमध्ये जाऊन हेडफोन लावून ऐकली. रुवा अडवते, आरडाओरडा होतो, आणि त्यात दादाचा आवाज, स्वच्छ मराठीत, "अंधारात उभी केली तर बॉल दिसेल, ही नाही दिसायची." लगेच हसू. मोठं, मोकळं. दादाचं नाही, माझं.

रुवा आमच्याकडे वरण-भात खाऊन वाढलेली पोर. तिची आई चिपो आणि माझी बायको प्रज्ञा एकाच वॉर्डात नर्स. आता हे सगळं हॉलभर स्पीकरवर वाजणार, आणि मराठी कळणारी चार घरं समोर बसलेली असणार. धाबं दणाणलंय माझं.

सोम., १६ जून

दुकानात दादा मजेत. (मनुरेवा उपनगरातली ही फार्मसी त्याची, मी नऊ वर्षं त्याच्याकडे.) त्याच्या लक्षातही नाही. मी एकच प्रिस्क्रिप्शन तीनदा तपासलं.

हे हसू माझ्या ओळखीचं आहे. पुण्यात बी. फार्म.ला असताना हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणीतरी म्हणायचं, 'आले सरकारचे जावई.' कुणाकडे बघून म्हणाले हे कळायच्या आत मी सगळ्यांच्या आधी हसायचो. आधी हसलं की आपल्यावर येत नाही, असा माझा हिशोब. आम्ही बौद्ध, आणि तिथे आडनावावरून लगेच कळायचं. इथे दादाने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. चांगलं चाललं होतं.

बुध., १८ जून

फोल्डरमधून क्लिप उडवली. मग ट्रेसीला फोन केला, त्यात वाऱ्याचा आवाज फार आहे, म्यूट करून लाव. ती म्हणाली, डाउनलोड करून झालीय, आणि आवाज तर हवाच, किती छान वातावरण आहे त्यात. 'स्वीट ऍज, अमोल,' म्हणजे झकास. कसलं स्वीट, कप्पाळ माझं.

प्रज्ञाला सांगून टाकलं. ती कुकर लावत होती, थांबली. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "उद्या सातला मी चिपोबरोबर ड्यूटीवर आहे." आणि कुकर लावला.

गुरु., १९ जून

यशूला ट्रेनिंगहून आणताना. फ्लॅट बुशच्या सिग्नलला तिने तोंड उघडलं. आमची कार्टी मराठी सगळं समजते आणि बोलते इंग्लिश. हे मला सोयीचं वाटायचं.

तिने ती क्लिप शनिवारीच ऐकली होती. रुवाने तिला विचारलं म्हणे, तुझे बाबा एवढे का हसले.

"आय टोल्ड हर इट वॉज अबाउट द अंपायर," यशू म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून, "अँड आय लाफ्ड, बाबा. सो शी'ड बिलीव्ह मी."

गाडी डेअरीसमोर बाजूला घेतली. दूध घ्यायचंय म्हणून उतरलो आणि फ्रीजसमोर नुसता उभा राहिलो. चौदा वर्षांची पोर. मी हिला हे कधीच शिकवलं नव्हतं. ही कशी शिकली? दूध न घेताच परत आलो.

शनि., २१ जून

हरलो, ०-३. पाऊस. हाफ टाइमला यशू एका टोकाला, रुवा दुसऱ्या. सवयीने जाळीमागे गेलो, पण मोबाइल खिशातच. दादाने विचारलं, आज शूटिंग नाही? बॅटरी नाही म्हटलं.

एक आठवडा राहिला. ट्रेसीला सांगावं? दादाला? चिपोला? चहा घेताना ठरवतो, कप धुवेपर्यंत शेपूट घालतो.

सोम., २३ जून

दादाला सांगितलं. दुकानामागच्या खोलीत, डबा खाताना. म्हटलं, दोघं मिळून चिपोकडे जाऊ आणि सांगून टाकू.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "अरे, गंमत होती ती. आणि हसलास तर तूच." मग डब्याचं झाकण लावत, अगदी मायेने, "तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता."

तुम्ही लोक. म्हणजे कोण? मी आणि प्रज्ञा? मी आणि रुवा?

म्हणजे त्याला माहीत होतं. नऊ वर्षं, त्याच्या घरच्या गणपतीत, इराच्या वाढदिवसाला, सगळीकडे माहीत होतं. आणि मी मूर्ख जपत बसलो होतो. सगळ्यात वाईट म्हणजे ते ऐकून मी हसायला तोंड उघडलं होतं. मिटलं कसंबसं.

जाताना म्हणाला, शनिवारी जरा विचार करून वाग, इथे तुझं सगळं छान चाललंय. धमकी होती का? होती.

बुध., २५ जून

गेलो. एकटाच. प्रज्ञा येते म्हणाली होती, नको म्हटलं. चिपोच्या दारासमोर बेल दाबायच्या आधी दोनदा गाडीशी परत आलो.

गोगो आत सद्झा घोटत होती. मक्याच्या पिठाचा असतो तो, आपण पिठलं घोटतो तसाच हात. तिने आतूनच ओरडून सांगितलं, जेवल्याशिवाय जायचं नाही.

चिपोला सांगितलं. दादा काय बोलला ते इंग्लिशमध्ये, शब्दन् शब्द. तिने दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "आणि हसलं कोण?"

"मी."

हिने मला माझ्या बायकोच्या बाळंतपणात सूप करून आणून दिलंय, ते बाळ राहिलं नाही तेव्हा रात्रपाळी करून पुन्हा आमच्याकडे आलीय. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. "रुवाला तू सांग," ती म्हणाली. "तुझं हे मी तिच्यापर्यंत नेणार नाही."

रुवा आली, मोज्यांत. पुन्हा सांगितलं. चिपोचं म्हणणं, शनिवारी माइकवर सगळ्यांसमोर सांग. मी हो म्हणायच्या आत रुवाच नाही म्हणाली. तो गोगोचा दिवस आहे. पुढच्या गुरुवारी ती परत जाणार, हे घेऊन जायला नको. ट्रेसीला सांगून क्लिपवर ढोल टाकून घेते म्हणाली.

मग माझ्याकडे न बघता, "माझ्या गोलमागे उभे राहू नका. प्लीज."

प्लीज म्हणाली ती. गोगोने ताट वाढलं. खाल्लं सगळं.

शनि., २८ जून

हॉल गच्च. सुरुवातीला 'किया ओरा' म्हणून स्वागत झालं, मग गोगो. छोटीशी बाई, माइक तोंडाला लागेल इतका जवळ. त्यांच्या गावाजवळ गोऱ्या मुलींची शाळा होती. मैदान झाडायला ह्या मुली, खेळायला त्या. कुंपणातून बघून बघून शिकल्या, पेरूची फांदी तोडून स्टिक केली. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना.

क्लिप लागली. ढोल एकदम जोरात. दादाने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. रुवा स्क्रीनकडे बघत नव्हती. संपलं एकदाचं. मला वाटलं, सुटलो.

ताटं वाढेपर्यंत गोगो माझ्यासमोर. माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तूच ना तो, जाळीमागचा? ती खरी क्लिप मला पाठव, आवाजासकट. रुवाच्या फोनवर होती, तिच्याकडून चुकून उडाली म्हणते." मग आणखी जवळ येऊन, "हिने अडवल्यावर त्यात एक माणूस हसतो बघ. मी रोज ऐकायची ते. म्हणायची, चला, इतक्या लांबच्या देशात माझ्या नातीसाठी कुणाला तरी एवढा आनंद होतो. गावी सगळ्यांना ऐकवणार आहे."

रुवा तिच्यामागे ताट घेऊन उभी. यशू तिच्या शेजारी. चिपो लांबून बघत होती.

गोगोने पेपर नॅपकिनवर नंबर लिहून दिला. मी हो म्हणालो.

रवि., २९ जून

सकाळपासून क्लिप उघडून बसलोय. दादाची भीती कुठे गेली कळत नाही, उद्या दुकानात काय होईल ते होवो. आता भीती वाटते ती त्या म्हातारीची. पाठवली तर ती जन्मभर माझं हसू लोकांना ऐकवत बसणार, कौतुकाने. खरं सांगितलं तर, गोगोला कळू नये हे जे रुवाने मागितलं, तेवढंही मी राखलं नाही. प्रज्ञाला विचारलं. म्हणाली, हे मला विचारू नकोस.

यशू आली, टेबलाशी उभी राहिली. "आर यू गोइंग टू सेंड इट?"

म्हटलं, आधी नाश्ता करून घे.

ती हलली नाही.