आधी एक घोट

प्रिय अप्पा,

इतरांवरचे मृत्युलेख मी तासाभरात लिहून देते. तुमच्यासाठी मात्र तीन वर्षं एक ओळ सुचली नाही. आज सुचतेय, कारण काल चेन्नईतल्या वेलचेरीत एका बाईंनी तुम्हाला ओळखलं.

पुष्पम अक्का म्हणू त्यांना. खरं नाव लिहीत नाही. का, ते तुम्हाला कळेलच. लंकेतून निर्वासित म्हणून आलेल्या, अजूनही इथल्या कागदपत्रांसाठी खेटे घालणाऱ्या. त्यांच्यावर लेख लिहायला गेले होते. बोलता बोलता त्यांना ठसका लागला. मी पेल्यात पाणी ओतलं, पेला उंच धरून आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग त्यांच्या हातात दिला.

पेला तोंडाशी नेता नेता त्या थांबल्या. "हे तुला कुणी शिकवलं?"

कुणी शिकवलं! आठवतं, मी केवढी चिडायचे? "अप्पा, आपल्या घरात विष कोण घालणार आहे?" तुम्ही हसून आधी घोट घ्यायचात आणि मगच पेला पुढे करायचात. तीच सवय माझ्या हाताला कधी लागली, कळलंच नाही.

मी फोनवरचा तुमचा फोटो दाखवला. अक्कांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "केस पार गेले की यांचे!"

आपली फौज लंकेत होती तेव्हाची गोष्ट. अक्कांना आणि त्यांच्या नवऱ्याला अंगणात बसवून चौकशी चालली होती. बंडखोरांना जेवू कुणी घातलं? मध्ये तुम्ही, पलटणीचे दुभाषी. तंजावरच्या मराठी घरातले, म्हणून तमिळही घरचंच. तुम्ही पेल्यातून एक घोट घेतलात, पेला अक्कांना दिलात आणि हळूच म्हणालात, "मुदल्ल तण्णी कुडिंग. आधी पाणी प्या, अक्का. शेजाऱ्यांची नावं घेऊ नका. घेतलीत तर आजच उचलतील त्यांना."

एवढं काय बोलतोयस म्हणून अधिकारी ओरडला असणार. "तुझ्या वडिलांच्या हिंदी उत्तरातलं 'साहेब' आणि 'पानी' एवढंच मला कळलं," म्हणत अक्का चक्क हसल्या.

त्यांच्या नवऱ्याला नेलं, पण दोन दिवसांनी तो घरी परतला. पलीकडच्या गल्लीतली माणसं परतली नाहीत. तिथे दुसरा दुभाषी होता.

बाविसाव्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, "तुमच्या जिभेनं किती माणसं धरून दिलीत?" तुम्ही पाणी आणलंत. मी न पिता निघून गेले आणि वर्षभर टी. नगरला मैत्रिणीकडे राहिले. तुम्ही गेल्यावर माहितीसाठी सरकारकडे अर्जही केला. उत्तर एका ओळीचं: देशाच्या सुरक्षेसाठी माहिती देता येत नाही.

तुमचं जहाज मद्रासला लागलं तेव्हा आपल्या घरचं कोण होतं तिथे? आई आणि मी. ज्यांनी तुम्हाला पाठवलं, ते भाषणं करून मोकळे झाले होते. गल्लीत मात्र तुम्हाला ऐकावं लागलं, "आपल्याच तमिळ माणसांवर बंदूक धरून आला." तरी तुम्ही गप्प! गुप्ततेच्या कागदावर सही केली होती म्हणून? की ज्यांना वाचवता आलं नाही, त्यांच्यामुळे? मला तरी सांगायचं होतंत, अप्पा.

पण काल रडू आलं नाही. इतकं हलकं वाटत होतं, की शेअर ऑटोत शेजारच्या बाई म्हणाल्या, "एन्नम्मा, काय गं, काही चांगली बातमी?"

"हो," मी म्हटलं, "माझ्या वडिलांची."

हे सगळं मी छापणार आहे. तुमच्या नावाचं अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "खुशाल टाक. आता त्यांना कोण पकडणार?" त्यांचं मात्र टाकणार नाही. कागद हातात पडेपर्यंत त्यांचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, हा शब्द देते.

तुमच्या फोटोपुढे पेला ठेवलाय. आधी एक घोट मी घेतलाय.

तुमची,
मालू