भाजलेला रंग

४ नोव्हेंबर, दुपार
ताईच्या खाणावळीत खुर्चीवर उभा, एक पाय टेबलावर, सूपचा फोटो घेत होतो, तेवढ्यात गिऱ्हाइकाने चमचा वाजवला. म्हणाला, सूप माझं आहे. त्याला समजावलं, की वाफ अजून नीट येत नाहीये. तो म्हणाला, आता येणारही नाही, गार झालंय. कलेची जाण नाही. ताईने त्याला दुसरं सूप दिलं, मला खाली उतरवलं आणि हातात फडकं दिलं. बुटाचा ठसा मीच पुसायचा म्हणे.
पुसला. उजेड मात्र अप्रतिम होता.

५ नोव्हेंबर
स्टुडिओला कुलूप लावून ताईकडे आलो तो निर्णय योग्यच. पासपोर्ट फोटो काढून काढून नजर बोथट झाली होती. प्रवासाशिवाय प्रेरणा नाही. इथे ताई-भावोजींची सहा टेबलांची खाणावळ, मागे गोदी. गोदीत बोटी दुरुस्त होतात. दिवसभर लोखंडावर घण. विषय सापडला: खाणं. मोठं पुस्तक करायचं.
संकल्प: रोज पहाटे उठून खाण्याची एक नवी जागा शोधणे.
आज साडेनऊला उठलो. प्रवासाचा शीण.
बायकोचा फोन. परत कधी येणार, हे तिने विचारलं नाही. समजूतदार आहे.

६ नोव्हेंबर
शोध पहिला. गोदीच्या भिंतीला लागून बेकरी. दारात करपलेल्या पावांचं टोपलं. बेकरीवाला म्हणाला, ते डुकरांसाठी काढलेत. मी म्हटलं, मला तेच हवेत, त्यांच्यात सत्य आहे. त्याने टोपलं माझ्याकडे सरकवलं. फोटो झाल्यावर खाणार का, असं विचारलं. मी सांगितलं, मी ज्याचा फोटो काढतो ते खात नाही. तत्त्व आहे. तो म्हणाला, शहाणे आहात.
चौऱ्याऐंशी फोटो. सगळे काळे.

७ नोव्हेंबर
शोध दुसरा. मासे धुरावर सुकवणारी बाई. पत्र्याची खोली, आत रांगेने मासे टांगलेले. सगळे एकाच बाजूला बघत होते. मी जागा बदलली, तरी माझ्याकडेच. थोडा वेळ बाहेर येऊन उभा राहिलो. धुरामुळे.
बाई म्हणाली, आत काय एवढं बघत होतात, लग्नासाठी पसंत करायचाय का एखादा.
उद्यापासून घरातलंच खाणं टिपावं. ओळखीच्या पदार्थात अनोळखी काही शोधणं, हे जास्त अवघड.

९ नोव्हेंबर
मोठी बातमी. शनिवारी गोदीचा मॅनेजर माणसं घेऊन जेवायला येणार आहे. जेवण पसंत पडलं तर गोदीचं रोजचं दुपारचं जेवण ताईकडे. नाहीतर या महिन्याअखेर शटर खाली, ते कायमचं. ताई हे भांडी घासता घासता बोलली. भावोजींनी धुतलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.
मी तात्काळ जाहीर केलं, की मेनूचे फोटो मी काढून देणार. मॅनेजर आत शिरताच भिंतीवर जेवण दिसलं पाहिजे. ताई म्हणाली, त्याला ताटात दिसलं तरी पुरे. चेष्टा करते. मनातून आधार वाटला असणार.

१० नोव्हेंबर
रात्री फूड फोटोग्राफीचा व्हिडिओ कोर्स पाहिला. अर्धाच, पण गाभा कळला. खरं अन्न फोटोत मेल्यासारखं दिसतं. म्हणून दुधाऐवजी गोंद, क्रीमऐवजी दाढीचा फेस, भाजीवर पाण्याऐवजी ग्लिसरीन. भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, मग गिऱ्हाइकाऐवजी पुतळे बसवू, बिलाची घासाघीस नको.

११ नोव्हेंबर
फळांच्या वाटीवर फेस घालून फोटो घेतला. उत्तम. वाटी दोन मिनिटं काउंटरवर ठेवून लेन्स बदलायला गेलो, तेवढ्यात भावोजींनी ती खिडकीजवळ जेवायला बसलेल्या मास्तरांना दिली. मास्तर पहिल्या चमच्यालाच उठून मोरीकडे धावले. भावोजींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, काळजी करू नका मास्तर, आतून गुळगुळीत दाढी झाली असेल. मास्तर हसले. भावोजीही हसले. ताई हसली नाही.
ती म्हणाली, आजपासून तुझी एकही वस्तू स्वयंपाकघरात दिसता कामा नये. मी मान्य केलं. चूक खरं तर भावोजींची होती, पण घरात वाद नको.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
उद्या शनिवार. मुख्य पदार्थ भाजलेली कोंबडी. ताईने तंगड्या आज भाजून फ्रिजमध्ये ठेवल्या, उद्या नुसत्या गरम करायच्या. पाहिल्या. चव असेल, पण सुरकुतलेल्या. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारख्या.
कोर्समध्ये उपाय आहे. तंगडी पूर्ण भाजायचीच नाही. कातडी जेमतेम ताणली, की बाहेर. आत कच्ची राहते म्हणून टरारून फुगलेली दिसते. वरून कोऱ्या चहात साखर आटवून तो पाक ब्रशने लावायचा. ताई-भावोजी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात उरलेल्या कच्च्या तंगड्यांचा एक ट्रे केला.
काय रंग! आयुष्यातलं सर्वोत्तम काम. फोकस अचूक हाडावर.
गोदीतलं मांजर खिडकीशी आलं होतं. एक तुकडा टाकला. हुंगलं आणि मागे मागे गेलं. बहुतेक चहाचा वास.
सकाळच्या उजेडात पुन्हा घ्यायचेत, म्हणून ट्रे फ्रिजमध्ये ठेवला. एकच रात्र. वर चिठ्ठी लावणार होतो, पण पेन सापडेना. सकाळी लवकर उठून काढून घेईन.

१४ नोव्हेंबर, रात्र
उठायला उशीर झाला. खाली आलो तर गोदीची माणसं बसलेली. ताई दोन्ही ट्रे ओव्हनमधून काढत होती. माझा वरच्या कप्प्यात, घाईत तिने तो आपलाच समजला. मॅनेजरच्या टेबलाला तिने माझ्याच वाढल्या. जाता जाता भावोजींना म्हणाली, बघा, आज कसा रंग आलाय, हात लागलाय माझा.
इतक्या वर्षांत माझ्या कामाला ताईने पहिल्यांदा चांगलं म्हटलं. तिला कळलं नसलं म्हणून काय झालं. तिचा चेहरा इतका खुललेला मी तिच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. तिचा आनंद मोडवेना. शिवाय ओव्हनमध्ये पुन्हा तापल्यात. उष्णता आतपर्यंत जातेच. हे शास्त्र आहे.
मॅनेजरने दोन खाल्ल्या. शेजारी बसलेला म्हातारा वेल्डर तिसरी मागत म्हणाला, बाई, सुनेला शिकवा हो तुम्ही, आमच्याकडे कोंबडी दोनदा मरते. सगळे हसले. मॅनेजर ताईला म्हणाला, सोमवारपासून सुरू करा.
भावोजी आत येऊन फ्रिजला टेकून उभे राहिले. डोळे पुसत होते. माझाही वाटा आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही. मोठेपणा.
मला वाढलेली मी खाल्ली नाही. तत्त्व.

१५ नोव्हेंबर
रविवार. शांत. ताई दिवसभर मोठी पातेली घासत होती, गुणगुणत होती. मी पुस्तकाची प्रस्तावना सुरू केली. एक वाक्य झालं. संध्याकाळी बेकरीवाला सांगून गेला, मॅनेजरचं पोट बिघडलंय. हवा बदलली आहे.

१६ नोव्हेंबर
आज गोदीचा भोंगा वाजला नाही. घणही नाहीत. इतकी शांतता बरी नाही, झोप मोडली. ताईने जेवण रांधून डबे भरून ठेवले. न्यायला कोणी आलं नाही. दुपारी भावोजी जाऊन आले. चौदा माणसं आजारी. म्हातारा वेल्डर दवाखान्यात, सलाईनवर, माणसं ओळखत नाही. ताईने विचारलं, आपल्या जेवणाने का? भावोजी म्हणाले, तू सगळं नीट शिजवलं होतंस ना. ती म्हणाली, हो. मग थोड्या वेळाने म्हणाली, हो ना?
दोघांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कशाला पाहतील.
पाणी असू शकतं. गोदीचं पाणी मला पहिल्यापासून गढूळ वाटत होतं.
संकल्प: योग्य वेळ पाहून ताईशी बोलणे.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
अन्न तपासणारे साहेब आले. फ्रिज उघडला, सुऱ्या पाहिल्या, ताईची नखं पाहिली. ती हात पुढे करून शाळेतल्या मुलीसारखी उभी. मला राहवलं नाही. स्वयंपाकघर किती स्वच्छ असतं, याचा पुरावा म्हणून मी माझे फोटो दाखवले. साहेब एकेक पाहत गेले. तंगडीपाशी थांबले. मोठी करा म्हणाले. अजून मोठी. हाडापाशी गुलाबी होतं. रक्ताची एक बारीक रेषसुद्धा. म्हणाले, फार स्पष्ट आलाय हो फोटो. जाणकार माणूस. तंगडीचे तिन्ही फोटो मागून घेतले.
मग त्यांनी ताईला विचारलं, हे तुमच्याच स्वयंपाकघरातलं का. तिने फोटो जवळ घेऊन पाहिला. म्हणाली, ट्रे माझाच आहे.
मी बोलणार होतो. पण साहेबांचं तिच्याशी चाललं होतं, मध्ये बोलणं बरं दिसत नाही. उद्या सकाळी तिला जबाब द्यायला बोलावलंय. मी सोबत जाणार. तिथे सगळं व्यवस्थित सांगेन, कोर्सपासून.

१८ नोव्हेंबर
सकाळी ताईने लिहून दिलं, की कोंबडी घाईत तिच्याकडून कच्ची राहिली. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.