घुबड-गिटारीची घोडी

मी, फेर्मिन हुइपे हानाकुआ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गिटारी बनवणे, राहणार पाराचो, मिचोआकान प्रांत, मेक्सिको, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून नुसता सुस्कारा टाकला, म्हणून घाई. कोणाचे दडपण नाही. लिहू नकोस म्हणणारे एकच आहे, ते माझेच मन.

१. राहते घर, परस आणि पेरूचे झाड माझी एकुलती मुलगी अंपारो हिला. माझी पत्नी सोकोरो पंधरा वर्षांपूर्वी वारली. तिचे कोरुंदा, म्हणजे मक्याचे उंडे, उकडायचे मोठे पातेले शेजारीण रेमेदिओस नऊ वर्षांपूर्वी घेऊन गेली, ते आता तिचेच समजावे. मात्र माझ्या नवव्या दिवसाच्या जेवणाला त्यातच उकडावे.

२. कारखाना, रंधे, पटाश्या, शिकंजे आणि माळ्यावर सुकत ठेवलेली सगळे शिसवी लाकूड हेदेखील अंपारोला.

३. धाकटा भाऊ नाबोर याला मी काहीही देत नाही. एक तर त्याला गरज नाही. दुसरे म्हणजे ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असे म्हणतात, आणि मला तो साक्षीदार हवा आहे.

त्याच्याविषयी थोडे लिहितो. आम्ही दोघे एकाच बापाच्या हाताखाली शिकलो. बाप म्हणायचा, गिटारीला बाईसारखी कंबर असते, ती चुकली की सगळे चुकले. मी आयुष्यभर ती कंबर साधली. नाबोरने मासा केला. मग बूट केला, विंचू केला, कलिंगडाची फोड केली, आणि सगळ्यांना तारा लावल्या. मी हसलो. लोक मात्र रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. माझ्या दाराशी उभे राहून गिऱ्हाईक विचारी, "ते माशाचं दुकान कुठलं हो?" चाळीस वर्षे मी बोट दाखवत आलो.

हेही सोसले असते. त्याच्या माशाचा आवाज गोड होता, ते सोसले नाही.

४. अंपारोचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे तिला कधी सांगितले नाही, येथे नोंदवतो. बावीस वर्षांची असताना ती म्हणाली, "पप्पा, तुमच्याकडे गिटारीला एकच आकार आहे. मी काकांकडे जाते." गेली. समोरच्या दारात. दोन वर्षे मी तिचे हसणे रस्त्याच्या अलीकडून ऐकले.

५. हे कलम मन लावून वाचावे.

ती गेल्यावर दोन वर्षांनी, ऑगस्टच्या जत्रेत नाबोरच्या दुकानातून एक गिटार आली. घुबड. नादाची भोके दोन, डोळ्यांच्या जागी. पंख शिसवाचे, एकेक पीस कोरलेले. गाव नुसते बघत राहिले. मीही बघत राहिलो. मी जत्रेच्या समितीत होतो, मांडणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पातळ सुरी तापवली आणि घुबडाच्या घोडीखाली, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीखाली, सरकवली. सरस सुटला. थोडा शिल्लक ठेवला, वाजवताना सुटावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मंचावर दुसऱ्याच गाण्याला घोडी उडाली. वादकाचा गाल फाटला. लोक आधी ओरडले, मग हसले. नाबोर मंचावर चढला, वादकाला रुमाल दिला आणि म्हणाला, "दुकान माझं, चूक माझी." मला बरे वाटले. खोटे लिहिणार नाही, फार बरे वाटले.

संध्याकाळी अंपारो आली. दोन वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, "पप्पा, तुम्हीच बरोबर होतात. घुबड काकांचं नव्हतं, मी केलं होतं. सरस नीट लावला नाही मी. माणसाला रक्त आलं."

त्या क्षणी सांगायला हवे होते. मी तिच्यापुढे मक्याच्या गरम आतोलेचा पेला ठेवला आणि म्हणालो, "होतं असं. आता सरळ काम शीक."

ती राहिली. गेली अकरा वर्षे ती माझ्या कारखान्यात कंबरवाल्या गिटारी बनवते. उत्तम बनवते. सरस लावल्यावर प्रत्येक घोडी तीनदा तपासते. ती तपासत असताना मी पाठ फिरवून उभा राहतो.

६. माझ्या मृत्यूनंतर हे पत्र नाबोरने अंपारोला वाचून दाखवावे.

पुरवणी, त्याच दिवशी. सहीसाठी नाबोर आणि तारांचे व्यापारी एवारिस्तो साल्पा आले. नाबोरने चष्मा लावून सगळे वाचले. शेवटी म्हणाला, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"घोडी उचलली ना मी मंचावरून. सरस एका कडेला जळलेला होता. किल्ली कोणाकडे होती, तेही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"ती तुझ्याकडे परत आली होती, दादा. तुला दुसरं होतं कोण?" मग म्हणाला, "पण पोरीला कळायला नको होतं का? तिथं मी चुकलो. आता तू मरेपर्यंत मी नाही थांबणार. हाक मार तिला."

चांगुलपणातही हा माझ्या पुढे निघाला. या वयातही ते मला सलले.

हाक मारली. अंपारो आली, केसांत भुसा. उभ्यानेच वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले.

"अकरा वर्षं, पप्पा. मला वाटायचं, माझ्या हातालाच अवदसा आहे."

ती माळ्यावर चढली. शिसवी लाकडाच्या दोन रुंद फळ्या खांद्यावर घेऊन खाली आली.

एवारिस्तो चाचरत म्हणाले, "अगं, ते मृत्युपत्रात आहे, त्यांच्या पश्चात..."

"ह्या आत्ता नेते. बाकीचं, म्हणावं, सवडीनं मरा, मग नेईन." दारात थांबून काकाला म्हणाली, "तुमचं मोठं टेबल मोकळं आहे ना, काका?"

"करतो मोकळं."

तेव्हा कलम २ मधून दोन फळ्या कमी समजाव्या आणि कलम ६ रद्द समजावे. ती रस्ता ओलांडून गेली. समोर करवत सुरू झाली आहे. लाकूड माझे, हात माझ्या मुलीचा, आणि आवाज नाबोरच्या दुकानातून येतो आहे. जीव जळतो. तरीही वरील सर्व खरे आहे असे लिहून सही करतो.

फेर्मिन हुइपे हानाकुआ

साक्षीदार:
नाबोर हुइपे हानाकुआ, गिटार कारागीर, सख्खा भाऊ
एवारिस्तो साल्पा, तारांचे व्यापारी

पाराचो, १९ फेब्रुवारी २००९